बर्कच्या पंजाखालचा हात

चि. बलकासिम यास दूझहून खमीसा आत्याचे सलाम आणि पोटभर दुआ. तू, सूनबाई आणि तुझं ते जळजळणारं पोट (ती हरिसाची तिखट चटणी कमी खा रे!) सगळे ठीक असाल. तुझ्या बापाच्या, माझ्या अम्मारदादाच्या दफनालाही तू आला नाहीस, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. त्याच्या हाताचा मार तुला आणि माया त्याच्या त्या शिकारी स्लूगीला, बर्कला, हे मी काय विसरले?

तर तो बर्क आता माझ्या गळ्यात पडलाय. पुढच्या पंजात काटा मोडलाय, पंजा सुजून वांग्याएवढा झालाय. ढोरांचा डॉक्टर म्हणाला, काटा निघाला नाही तर पाय कापावा लागेल. पण हात लावू देईल तर ना! मी रोज शेजारी बसायची, खजुराचा तुकडा द्यायची, खांद्याला बोट टेकवायची आणि तो गुरगुरायच्या आत काढून घ्यायची. कोपरापर्यंत मजल गेली होती. मग एकदा त्याने दात दाखवले आणि माझ्या तोंडून गेलं, "मर मेल्या कुत्र्या!"

शेजारची मन्नूबिया कपाळ बडवत आली. "अगं बये, स्लूगीला कुत्रा म्हणालीस? घरचा पाहुणा तो!" (खरंय, कुत्री उकिरड्यावर असतात, स्लूगी चटईवर.) बर्कने तोंड फिरवलं ते फिरवलंच. मी माफी मागितली, मटण दिलं; मटण खाल्लं, माफी नाही.

मागच्या आठवड्यात एका दुपारी तो लंगडत अम्मारदादाच्या रिकाम्या चटईपाशी गेला आणि दुखरा पाय त्याने वर धरला. नुसता हवेत. पाय थरथरेना, की खाली येईना. मग बोटांमधले केस आपोआप बाजूला झाले, दादा त्याच्या पंजाला मेंदी लावण्याआधी करायचा तसे. मन्नूबिया सपाता टाकून पळाली. मी कशाला भिते? (पालीला सोडून.) पुढे झाले, पंजाखाली हात घातला, तर तिथे आधीच एक हात होता. खरखरीत, अंगठ्याला चीर पडलेला. दादाचाच तो! पण तोंडाची सवय जाते का? म्हटलं, "दादा, जरा सरक." आणि रे बाबा, तो सरकला! मी चिमट्याने काटा ओढला, पू धुतला. बर्कने हूं की चूं केलं नाही.

अजून तरी शुद्धीवर असलेली,
तुझी आत्या खमीसा

ता. क. पंजा बरा आहे. आता बर्क सगळ्यांना हात लावू देतो, अगदी मन्नूबियालासुद्धा. तेव्हा काळजी नसावी. येताना गाबेसची मेंदी आण.

ता. क. पुन्हा. मेंदी राहू दे, तू ये. बर्कचं काम झालं तरी तो हात गेलेला नाही. दुपारी चटईवर तळहाताएवढी जागा दबते आणि तशीच राहते. मी माझा हात ठेवून पाहिला, तर त्याने हळूच बाजूला सारला. बर्कला पुढे केलं, तर त्याचा पंजाही घेतला नाही. तो कुणाला धरत नाही, ओढत नाही, नुसता उताणा पडून असतो. बाळा, तू लांबच बस हवं तर. पण एकदा येऊन बस.