टीव्हीवरची हजेरी

बाई, तुम्ही मला आवडत नव्हतात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं गैरसमज नको. आमच्या दहावीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तुमची आठवण निघाली आणि सगळ्यांना एकदम उमाळे फुटले. 'बाईंनी आम्हाला घडवलं', 'बाई होत्या म्हणून आज मराठी वाचता येतं', आणि खाली जोडलेल्या हातांची रांग. ज्यांना तुम्ही रोज मठ्ठ म्हणायचात, तेच सगळ्यात पुढं. मला हसू आलं. आता त्यांची पोरं नारायणगुड्याच्या इंग्लिश मीडियममध्ये जातात आणि दुकानावरची मराठी पाटी अक्षरं जुळवत वाचतात, पण बाईंचे उपकार मोठे! मी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. जे लिहायचं ते इथं लिहितेय.

तुम्ही पुण्याहून हैदराबादेत आलात त्या आमची भाषा बघून नाक मुरडायलाच. आमच्या घरात 'हौ' होतं, 'नक्को' होतं, आई भाजीवाल्याशी अर्धं तेलुगूत भांडायची आणि उरलेलं मराठीत आम्हाला ऐकवायची. आजोबा मराठवाड्यातलं शेत सोडून इकडं आले, तेव्हापासून आम्ही असेच बोलतो, आणि बोलून कुणाचं काही बिघडलेलं नाही. दहावीच्या पहिल्याच दिवशी तुम्ही हजेरी घेताय. खुर्चीत ताठ, पांढरी साडी, चष्म्याच्या वरून नजर. 'एकवीस?' मी उभी राहते आणि म्हणते, 'हाजिर.' तुम्ही पेन खाली ठेवता. 'हजर म्हणावं. इथं काय दरबार भरलाय?' वर्ग खो खो हसतो. त्यानंतर रोज मी तोंडातल्या तोंडात असं काही पुटपुटायचे की हजर आहे का हाजिर ते तुम्हाला कळूच नये. तुम्ही दर वेळी मान तिरकी करून ऐकायचात, आणि तुम्हाला कळत नाही याचाच मला आनंद व्हायचा.

मग त्याच वर्षी, चौऱ्याण्णवला, प्लेग आला. सुरतेत माणसं पटापट मरताहेत असं पेपरात येत होतं आणि पेपरात येत नव्हतं ते लोक बोलत होते. मेडिकलच्या दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या बघता बघता संपल्या. काचीगुड्याच्या चौकात लोक तोंडाला रुमाल बांधून चहा प्यायला उभे, प्यायच्या वेळी रुमाल खाली, मग परत वर. माझे वडील स्टेशनच्या पार्सल ऑफिसात होते. गावोगावची पोती आणि पेटारे त्यांच्या हाताखालून जायचे, एवढं कारण आमच्या गल्लीला पुरे झालं. नळावर आई गेली की बायका घागरी उचलून बाजूला. घरमालकीण तर सरळ म्हणाली, 'राग मानू नका, पण थोडे दिवस वर येत जाऊ नका.' राग मानू नका म्हणे! आमच्या घरात कुणाला साधी शिंकही आली नव्हती.

शाळा बंद झाली. आणि आमच्या सेक्रेटरीसाहेबांच्या अंगात आलं. तो माणूस तुम्हाला आठवत असेलच. सफारी सूट, बोटात अंगठ्या, आणि ज्याला त्याला 'अब जमाना बदल गया जी' म्हणून सांगत सुटलेला. गच्च्यागच्च्यांवर छत्र्या लागत होत्या, केबल येऊन थोडेच दिवस झाले होते, आणि केबलवाला नेमका साहेबांचा मेव्हणा निघाला. दुपारी केबलवर सिनेमा लागायचा, त्याच्या आधी दहावीची शाळा लावायची असं ठरलं. म्हणजे साहेब वरच्या साहेबांना सांगायला मोकळे की आमची शाळा बंद नाही, टीव्हीवर चालू आहे. आता शाळा चालू म्हटल्यावर हजेरी आली. ज्यांच्याकडं केबल नाही त्यांचं काय, असं एका पालकानं विचारलं, तर साहेब म्हणाले, 'ॲडजस्ट कर लो.' सगळ्या शाळेत एवढा एकच विचार झाला, बाई, आणि तुम्ही त्याला मान डोलावलीत. लग्नाची शूटिंग करणारा एक माणूस धरून आणला. चित्रकलेच्या वर्गात तुम्हाला उभं केलं, तोंडावर झगझगीत लाइट मारला, आणि तुम्ही समास शिकवायला लागलात; त्याची कॅसेट दुपारी केबलवर.

टीव्हीवरून हजेरी कशी घेणार? तर त्यावरही तुम्ही तोड काढलीत. धडा झाला की तुम्ही रोज थोडे नंबर पुकारायचात, प्रत्येकाचा एकदाच, आणि हातात एक वस्तू धरायचात. खडू, कुलूप, कात्री, समोर येईल ते. शाळा उघडल्यावर ज्यानं त्यानं आपली वस्तू सांगायची. सांगितली तर सगळे दिवस हजर, नाही सांगितली तर सगळे दिवस गैरहजर. ऐकून चालणार नाही, बघितलंच पाहिजे, असं तुमचं म्हणणं. फार हुशारीची गोष्ट केल्यासारखं तुम्ही ते सांगितलंत.

मला मात्र ऐकायलाच मिळणार होतं. जुलैत कावीळ झाली म्हणून माझे बरेच दिवस बुडाले होते, आता आणखी बुडाले तर हजेरी कमी पडणार आणि बोर्डाचा फॉर्म अडणार, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईनं घरमालकिणीच्या हातापाया पडून एवढं मिळवलं की मी जिन्यात बसावं, खिडकीखाली, तोंडाला रुमाल बांधून. आत यायचं नाही. तिचा टीव्ही आतल्या भिंतीला होता, मला खिडकीतून फक्त पंखा दिसायचा. बसले. वही मांडीवर. आधी तुमच्या त्या शूटिंगवाल्याचा आवाज यायचा, 'मॅडम, थोडा हसो ना जी, शादी का कॅमेरा है.' मग तुमचा घसा खाकरणं. मधेच कुठून तरी सनई वाजायची, ती का वाजते ते मला कळायचं नाही. मी सगळं उतरवून घेतलं, एक समास सोडला नाही. आणि मग माझा नंबर आला. 'एकवीस. माझ्या हातात काय आहे?' मी उठून खिडकीच्या गजाला तोंड लावलं आणि ओरडले, 'मावशी, बाईंच्या हातात काय आहे? सांगा ना, लवकर!' तोवर तुम्ही बाविसावर गेला होतात. मावशी आतून म्हणाली, 'फुलं दिसताहेत गं. गुलाब. लाल गुलाब.'

झालं. मी वहीत गुलाब लिहिलं आणि निवांत झाले.

शाळा उघडली त्या दिवशी तुम्ही एकेकाला उभं करत होतात. कुलूप, हजर. कात्री, हजर. एकवीस? मी उभी राहिले आणि खणखणीत सांगितलं, 'गुलाबाची फुलं.' वर्ग असा फुटला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे. तुम्ही लालबुंद. 'गुलाब? माझ्या हातात? कुणी दिला गं मला गुलाब?' मागच्या बाकावरची पोरं तर बाकावर डोकं आपटून हसत होती. मला वाटलं मी काहीतरी भयंकर अचकटविचकट बोलले. तुम्ही सांगितलंत की खोटं बोलायचं तर निदान जमेल असं बोलावं, आणि माझ्या नावापुढं सरळ रेघ ओढलीत. घरी येऊन मी घरमालकिणीशी जे बोलणं टाकलं ते आम्ही घर सोडेपर्यंत. ती शपथा घेत राहिली, 'अगं, माझ्या डोळ्यांनी बघितले,' आणि मी तिच्या तोंडावर दार लावलं.

आई तुमच्याकडं आली. तिची ती एकच बरी साडी, ती नेसून आली. शाळेच्या व्हरांड्यात तुमच्यासमोर उभी राहून म्हणाली, 'बाई, एक दस्तखत करून टाका, पोरीचं साल जातंय. जिन्यात बसून ऐकली हो ती, मी सोता बसवली.' तुम्ही तिला खुर्ची दिली नाहीत. आधी 'सोता नव्हे, स्वतः' म्हणालात. बाई, माणूस तुमच्यापुढं पदर पसरतंय आणि तुम्हाला व्याकरण सुचतं! आणि मग म्हणालात, 'जे बघितलं नाही ते बघितलं असं मी कसं लिहू?' आई 'हौ' म्हणाली आणि मला घेऊन निघाली. माझं साल गेलं. बाकीचे दहावीला बसले, पेढे वाटले, साहेबांनी शाळेच्या निकालाचा फलक रंगवला. मी पुढच्या वर्षी बाहेरून बसले, पास झाले, आणि तुमच्या शाळेच्या बाजूनं जायचं असलं तरी लांबून वळसा घालून जायचे. तुम्ही गेलात हे पुढं केव्हातरी कळलं. मला वाईट वाटलं नाही.

मी मास्तरीणच झाले, बघा. इंग्लिश शाळेत, हिंदी शिकवते. करोनात आमच्याकडं परत तोच तमाशा, फक्त केबलच्या जागी मोबाइल. कोऑर्डिनेटर मॅडमनं फर्मान काढलं, कॅमेरा बंद म्हणजे ॲबसेंट. एका घरात एक मोबाइल, तो बाप कामावर घेऊन जातो, पोरगी शेजारणीचा फोन कानाला लावून ऐकते, ती कॅमेरा कशी लावणार? मी सगळ्यांना हजर लावत गेले. मॅडमनं बोलावून विचारलं, 'तुम्ही बघितलंत का त्यांना?' मी म्हटलं, 'ऐकलं.' त्या वेड्यासारख्या बघत राहिल्या. बघू देत.

तर गेल्या आठवड्यात ग्रुपवर एक क्लिप आली, तिच्यावरूनच तुमची आठवण निघाली. त्या शूटिंगवाल्याच्या मुलानं बापाच्या जुन्या कॅसेटी काढल्या, त्यात लग्नांच्या मधे आमची शाळा निघाली. तुम्ही उभ्या आहात. आज माझं वय आहे त्याहून तुम्ही तेव्हा लहान होतात, हे मला पटेना. समास चाललाय, आणि कोपऱ्यातून एक बदामाचा आकार येतो, त्यात तुमचं तोंड, आणि मागं सनई. त्या माणसानं लग्नाच्या कॅसेटीत घालतात ते सगळं घातलंय, हौसेनं. मग नंबर सुरू. 'एकवीस. माझ्या हातात काय आहे?' तुम्ही हात वर करता आणि धो धो गुलाब पडायला लागतात. लाल गुलाब, अख्ख्या पडद्यावर. हात दिसत नाही, तुम्ही दिसत नाही, नुसते गुलाब. ते संपतात तेव्हा तुम्ही बावीस म्हणताय. खाली मागच्या बाकावरच्या एकानं हसून लोळणारी तोंडं टाकून लिहिलं, 'एकवीस नंबरला गुलाबच गुलाब, आठवतंय का?' म्हणजे याला आठवत होतं. वर्गात ज्यांच्या ज्यांच्या घरी केबल होती त्या सगळ्यांना माहीत होतं की मी खरं बोलतेय, आणि एकाचंही तोंड उघडलं नाही. आता हेच हात जोडताहेत.

आणि मग तुमच्या जामबागेतल्या खोलीखाली राहणारी एक होती ना, तिनं लिहिलं, 'बाईंकडं टीव्ही नव्हता. आमच्या आईनं कितीदा बोलावलं, तर म्हणायच्या, स्वतःचं तोंड काय बघायचं.' मी ते दोनदा वाचलं. बाई, तुम्ही बघितलंच नव्हतं! ते गुलाब पडताना तुम्ही बघितलेच नाहीत. तुमच्याच नियमानं तुम्ही सगळे दिवस गैरहजर. आणि माझ्या आईला व्हरांड्यात उभं करून सांगत होतात की जे बघितलं नाही ते कसं लिहू. आणि जिनं खरोखर बघितलं होतं, त्या घरमालकिणीशी मी घर सोडेपर्यंत बोलले नाही. तीही गेली आता.

तुमच्या हातात खरंच काय होतं, ते मला अजून माहीत नाही. मी क्लिप थांबवून, मोठी करून बघितली. पाकळ्याच. खडू असेल, नाहीतर तेही नसेल.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, तेव्हा एक सांगायला हरकत नाही. जिन्यात मला फक्त तुमचा आवाज आला होता. नंबर पुकारल्यावर तुम्ही काय करत होतात, ते मी पहिल्यांदाच बघितलं. तुम्ही थांबता. समोर नुसता तो लग्नाचा कॅमेरा आणि रिकामे बाक, तरी दर नंबराला मान तिरकी करून थांबता, कुणीतरी उत्तर देणार असल्यासारखं. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही, तो जाणारही नाही. पण गुलाब पडायच्या आधी तुम्ही 'एकवीस' म्हणालात आणि मान तिरकी केलीत, तेव्हा मी स्वयंपाकघरात फोन हातात घेऊन उभी राहिले आणि या खेपेला काही पुटपुटले नाही. चांगलं मोठ्यानं, शेजारी ऐकू जाईल असं म्हटलं. हाजिर.