एकशे बारा हरकतींची पोच

४ मार्च, बुधवार

कारंजं! डायलिसिसच्या पैशातून कारंजं!

पालिकेची सूचना आज पेपरात आली – सातव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, इतक्या बारीक टायपात की चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या बाईलाही भिंग काढावं लागलं. 'विशेष आरोग्य कराची शिल्लक रक्कम मुख्य चौकातील कारंजे व सुशोभीकरणाकडे वळविण्याचे योजिले आहे. हरकती पंधरा दिवसांत लेखी द्याव्यात. हरकत न आल्यास सुनावणी न घेता ठराव मांडण्यात येईल.'

चार वर्षं घरपट्टीच्या बिलावर हा कर भरतोय आम्ही. त्यातून गल्लीच्या टोकाला डायलिसिस केंद्र व्हायचं होतं. इमारत झाली. पोपटी रंग झाला. कुलूप लागलं. चार यंत्रांच्या जागी सध्या वॉचमनचे चार शर्ट वाळतात. दर अर्थसंकल्पाला अध्यक्ष उठतात – 'येत्या वर्षी यंत्रं येणार म्हणजे येणार!' – आणि बाकं वाजतात. बाकं मात्र दरवर्षी नवी घेतात. वाजवून वाजवून झिजत असणार.

आणि आमचे हे? सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सहाची बस, मग दुसरी बस, चार तास हातात सुया, परत दोन बस. घरी येतात ते पिळून ठेवलेल्या फडक्यासारखे. केंद्र सुरू झालं असतं तर चपला घालून तीन मिनिटं!

६ मार्च, शुक्रवार

हरकतीचा मसुदा केला. आमच्या साप्ताहिकाच्या संपादकांना दाखवला – बारा वर्षं मी त्यांच्याकडे दर शनिवारी 'चिमटा' हे सदर लिहितेय.

"एकही टोमणा नाही? तब्येत बरी आहे ना?"

म्हटलं, अर्जात चिमटा काढला की ते चिमट्याला उत्तर देतात, अर्जाला नाही.

११ मार्च, बुधवार

तीन दिवस दारोदार. शिंपी म्हणाला, "सही करतो बाई, पण माझी पायरी वीतभर रस्त्यावर आलीय, तिच्यावर येणार नाहीत ना?" केली शेवटी. कोपऱ्यावरच्या आजींनी अंगठा दिला. त्यांचा मुलगा याच दुखण्याने गेला, दुसऱ्या बसची वाट बघताना. अंगठा पुसत म्हणाल्या, "आपल्या नळाला तासभर पाणी. कारंज्याला कुठून आणणार गं? की कर भरला नाही त्याला तिथे रडायला उभं करणार?"

माझं सदर यांनीच लिहायला हवं.

१५ मार्च, रविवार

एकशे बारा!

१६ मार्च, सोमवार

गठ्ठा सकाळीच दादाकडे दिला. वर एक अर्ज, दोन प्रतींत. दादा अडतीस वर्षं पालिकेत होता, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला. म्हणाला, "तू गेलीस तर तुला बघून खिडकी बंद करतील. शनिवारी काय काय लिहितेस ते आठवतं ना? आण इकडे." खरंच होतं. शिवाय आवक खिडकीवर आता दादाचीच मुलगी बसते. हंगामी आहे, जूनमध्ये कायम होईल.

संध्याकाळी निरोप आला – 'दिल्या.'

हे अंथरुणावरून म्हणाले, "पोच घेतलीस का?"

"अहो, दादा आहे तो!"

माझ्या दुकानात पाटी आहे – 'पावतीशिवाय चष्मा मिळणार नाही.' सख्ख्या मावशीला घरी परत पाठवलं होतं पावतीसाठी.

२० मार्च, शुक्रवार

रात्रीचे अकरा वाजलेत. तरी लिहिते.

सभेला गेले. प्रेक्षकांच्या बाकावर मी, शिंपी आणि आजी. सचिवांनी विषय वाचला, आणि त्याच सुरात – "मुदतीत एकही हरकत आलेली नाही." मंजूर! नाक शिंकरायलाही जास्त वेळ लागतो. पुढचा विषय कुत्र्यांचे परवाने. त्यावर पाऊण तास चर्चा झाली म्हणे. मला ती ऐकायला मिळाली नाही, कारण मी उभी राहून ओरडले होते – "एकशे बारा आहेत!"

अध्यक्षांनी शिपायाला हाताने थांबवलं. मीच करून दिलेल्या चष्म्यातून माझ्याकडे बघितलं. "बाई, पोच आणा. आम्ही कागदावर चालणारी माणसं."

तशीच दादाकडे गेले.

"दिल्यास ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "नाही दिल्या."

"म्हणजे?"

"राहून गेल्या. मग टाकून दिल्या. मुदतच संपली होती."

"तू? तू विसरलास?"

"वय झालं. कंटाळा आला. काय समजायचं ते समज."

स्वयंपाकघरात वहिनीने एवढ्या जोरात भांडं आपटलं की ते दहा मिनिटं घुमत होतं. मी विचारलं, "टाकताना ह्यांचं तोंड आठवलं नाही तुला?" तर म्हणाला, "जा तू आता."

लहानपणी शाळेत जाताना हाच माझं बोट सोडायचा नाही. घामाने हात निसटायचा, तरी सोडायचा नाही.

२१ मार्च, शनिवार

ह्यांनी आज दुकानातली पावतीची पाटी पुसून सरळ लावली. बोलले असते तर बरं झालं असतं.

२८ मार्च, शनिवार

'चिमटा' छापून आला – 'बंधू की टपालपेटी?' नाव घातलं नाही, गरजच नव्हती. 'टपालपेटी बरी, तिला निदान तळ असतो,' हे वाक्य सकाळपासून पाच जणांनी मलाच ऐकवलं. शिंप्याने कात्रण काढून आरशाशेजारी चिकटवलंय.

दादा आता सकाळी फिरायला बाहेर पडत नाही म्हणे.

बरं झालं!

लिहिलं खरं. वाटत काही नाहीये बरं.

१ एप्रिल, बुधवार

वहिनी दुकानात आली. एरवी कधी येत नाही. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणाली. सैल नव्हती. गिऱ्हाईक जाईपर्यंत बसली आणि मग पिशवीतून एक घडी काढून काचेवर ठेवली.

माझाच अर्ज. दुसरी प्रत. 'सोबत हरकती ११२ मिळाल्या.' पालिकेचा शिक्का. १६ मार्च, ११ वाजून ४० मिनिटं. खाली भाचीची सही.

"तुमच्या दादांनी दिल्या होत्या, वन्सं. त्याच दिवशी. पोरीनेच घेतल्या. दोन दिवसांनी साहेबाने बोलावून आवक नोंदवहीचं ते पान फाडलं आणि तिला नवं लिहायला लावलं – तुमच्या हरकती सोडून. म्हणाला, 'जूनमध्ये कायम व्हायचंय ना?' तिने लिहिलं. घरी येऊन उंबऱ्यातच बसली."

"आणि दादा?"

"म्हणाले, माझ्यावर घेतो. माझं आता कोण काय वाकडं करणार?"

मी शिक्क्यावरची तारीख भिंगाखाली धरून पुन्हा वाचली.

"मग आता का आणलीस, वहिनी?"

"तुम्ही त्यांची टपालपेटी केलीत. चार दिवस जेवले नाहीत धड. मी आलेय ते त्यांना माहीत नाही, पोरीलाही नाही." पदराने चष्मा पुसून घातला. "आता तुमचं तुम्ही बघा."

२ एप्रिल, गुरुवार

वरच्या कार्यालयात दाद मागायची उद्या शेवटची तारीख. ही पोच दाखवली की ठराव थांबतो, सुनावणी लागते. ही पोच दाखवली की भाची घरी. साहेब हात वर करणार – पान तिच्या अक्षरात आहे.

तिचा पहिला चष्मा मीच केला. आठ वर्षांची होती. घालून, फळ्याकडे बघावं तशी भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, "आत्या, बाई खरंच लिहीत होत्या तिथे! मला वाटायचं उगाच हात हलवतात."

दिवसभर दोन चष्म्यांना चुकीच्या काचा लावल्या.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पोच दोनदा वाचली. "शिक्का सरळ मारलाय पोरीने," एवढंच म्हणाले.

ठरलं. मी जाणार. आजींनी अंगठा माझ्या हातात दिलाय. एकशे बारा जणांनी भाचीची नोकरी सांभाळायला सह्या केल्या नव्हत्या. तिच्यासाठी भांडेन, साहेबाचं नाव घेऊन लिहीन – पण नंतर. आणि दादाचे पाय धरायचे तेही नंतर.

झेरॉक्सवाला दहाला उघडतो. प्रती काढून साडेअकराची गाडी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत, म्हणून पोच गल्ल्यात ठेवली. किल्ली नेहमीच्या खिळ्याला.

३ एप्रिल, शुक्रवार

गल्ल्यात पोच नाही. ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी – 'फाडली. पोरीची नोकरी राहू दे. मला बसची सवय झालीय.'

हे सहाच्या बसने गेले. आजींना कुणी विचारलं? मला कुणी विचारलं?

पालिकेला एक पान फाडावं लागलं, एवढंच. बाकीचं माझ्या घरच्या चांगल्या माणसांनी केलं.