थांबवून धरलेला टोल

बा, तुला पत्र लिहायचं म्हणजे माझं मलाच हसू येतंय. घड्याळ सोडलं तर तुला काही वाचता येत नव्हतं, आणि तू गेलास त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. पण बुधवारपासून तू डोक्यातून हलत नाहीस, आणि इथे हे कुणापुढे बोलू? आयर्लंडात नास नावाच्या गावात राहते मी, इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर आहे. आज शनिवार, सुट्टी. कुकरची एक शिट्टी झालीय, बाहेर भुरभुर चाललीय. शेजारचे मंदीत नोकरी गेली म्हणून घराला कुलूप लावून ऑस्ट्रेलियाला गेले, त्यामुळे भिंतीपलीकडेही सामसूम. तुझी नात कॅमोगी खेळायला गेलीय. काठी-चेंडूचा खेळ असतो तो, पोरी एकमेकींच्या नडग्या फोडतात आणि हसत घरी येतात. तू तिला बघितलंच नाहीस. मराठी सगळं कळतं तिला, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही इथल्या हेलात. भूक लागली का विचारलं की म्हणते, "आयम ग्रँड, आई." म्हणजे ठीक आहे, काही नको.

तर या ग्रँड बाईंना शाळेत इतिहासाचा निबंध होता. अमेरिकेत काळ्या माणसांना गुलाम करून ठेवलं होतं, बाजारात बैल विकावेत तसे विकायचे. त्यांतले काही पळून सुटले आणि त्यांनी आपापली कहाणी स्वतः लिहून काढली. मालक त्यांना अक्षर शिकू द्यायचे नाहीत. शिकलेला गुलाम हाताखाली राहत नाही, ही धास्ती. तरी हे लोक चोरूनमारून शिकले, मार खाऊन शिकले. काही जण तर सुटल्यावर या आयर्लंडातसुद्धा येऊन भाषणं करून गेले म्हणे. पोरगी आठवडाभर त्यातच बुडालेली. एक दिवस मी पोळ्या लाटत होते, तर त्यांतल्याच एकाचं पुस्तक घेऊन आली. बोलली इंग्रजीतच, तुला मराठीत सांगते. "आई, पुस्तक याचं, मग सुरुवातीला गोऱ्या माणसांची पत्रं कशाला?" मी पाहिलं. पहिल्या पानांवर कुणी प्रतिष्ठित गृहस्थ ग्वाही देत होते, की आम्ही या माणसाला ओळखतो, हे त्यानंच लिहिलंय. त्याचं स्वतःचं पहिलं वाक्य त्यानंतर. "म्हणजे यांनी सही केली नसती, तर त्याचं आयुष्य खोटं?" तिनं विचारलं. माझी पोळी तव्यावर करपली. त्यावरच तिनं निबंध लिहिला, एकटीनं, आणि बा, काय सांगू, मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

बुधवारी शाळेतून फोन आला. ड्यूटी संपवून तशीच गेले. पोरगी तिथे बसलेलीच होती. बाई वाईट नव्हती, हे आधी सांगते. चहा विचारला, पावसाबद्दल बोलली, मग अडखळत म्हणाली की निबंध फारच छान आहे, इतका छान की घरातून कुणी मदत केली का अशी शंका येते. "नो ऑफेन्स, डॉक्टर." मुलीनं आत्ता इथे, आमच्यासमोर, त्याच विषयावर एक पान लिहून दाखवलं की प्रश्न मिटला. तिनं कोरा कागद पुढे सरकवला. पोरीनं माझ्याकडे पाहिलं. आणि विचार करायच्या आधीच माझ्या तोंडून तुझा शब्द बाहेर पडला. "लिव."

शब्द तुझा, खोली आपल्या गावच्या हेडमास्तरांची. मी सातवीत आहे. सरांच्या हातात माझा निबंध. "हा हिचा नाही. शिपायाच्या पोरीला, आणि तेही तिकडच्या वस्तीतल्या, हे सुचेल होय?" शिष्यवृत्तीच्या परीक्षेला माझं नाव जायचं होतं, ते यावर अडलं. माझ्यासमोर बसून लिही, टोल पडेपर्यंत, नाहीतर परीक्षा विसर. तू चहा घेऊन आत येतोस. तुझा स्वतःचा पेला त्याच खोलीच्या खिडकीबाहेर उपडा ठेवलेला, वेगळा. शाळेतलं एकुलतं एक घड्याळही त्याच खोलीत, त्यात बघून तू टोल द्यायचास. बाहेर लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा आणि तुझी हातोडी. घड्याळातले आकडे आणि दोन काटे, एवढीच तुझी शाळा, पण त्यात तू कधी चुकला नाहीस. आसपासच्या बायका तुझ्या टोलावर भाकरी टाकायच्या. सरांपुढे कप ठेवलास, काट्यांकडे पाहिलंस, आणि माझ्याकडे न बघता ओठातल्या ओठात म्हणालास, "लिव, बाय. घाबरू नगंस." मग खिडकीतून मला दिसतोस तू. लिंबाखाली उभा, हातोडी वर धरलेली, नजर माझ्या हातावर. काटा वेळेच्या पुढे गेला. टोल पडत नाही. वर्गावर्गातून गलका वाढतो. "हा कुठं मेला?" म्हणत सर उठतात, तेव्हा कुठे टोल पडतो.

माझं नाव परीक्षेला गेलं आणि तुझ्या हातून टोल गेला. हातोडी दुसऱ्या शिपायाला मिळाली, तुला झाडलोट आणि संडास, ते थेट रिटायर होईपर्यंत. दुसरा शिपाई चुकीच्या वेळी टोल द्यायचा तेव्हा तुझा झाडू जागच्या जागी थांबायचा, ते मी वर्गातून बघायचे. आय तुझ्यावर भडकली होती. "काय नडलं हुतं तुला?" तू भाकरी मोडत म्हणालास, "टोल काय, कुनीबी दील. पोरीला येळ घावला न्हवं?" मी डॉक्टर झाले तेव्हा पेढे वाटतानाही सगळ्या पाव्हण्यांना हेच. "म्या टोल धरून ठिवला, म्हनून." इतकं ताठ उभं राहिलेलं मी तुला एरवी कधी पाहिलं नाही.

तुझ्या नातीनं लिहिलं नाही. कागद परत सरकवला. "दॅट्स लिटरली व्हॉट द एसे इज अबाउट," म्हणाली. हवं ते विचारा, सगळं सांगते, पण लिहून झालंय माझं, वर माझं नाव आहे. मी घाईघाईनं मराठीत म्हटलं, "अगं लिही ना बाळा, कशाला वाद, दहा ओळींचं काम." तर मला म्हणाली, "नाही, आई." मराठीत. बाई लालबुंद झाली. विचारलं मात्र काहीच नाही. काल निबंध परत आला, ना गुण, ना शेरा. पोरगी म्हणते, चालतंय. चालतंय कसलं, दप्तरातून काढलेलाही नाही तिनं तो.

बुधवारी परत येताना गाडीत तिनं विचारलं, "तुला कुणी असं बसवलं होतं?" हो म्हटलं. "मग?" मग लिहिलं. मला वाटलं, आता ही मला भित्री म्हणणार. तिनं नुसता गिअरवरच्या माझ्या हातावर हात ठेवला. "अँड आजोबा?" तेव्हा मी तिला टोलाची गोष्ट सांगितली, तू सांगायचास तशीच. "ही वॉज अ लेजेंड," म्हणाली आणि खिडकीकडे तोंड फिरवून रडली. मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

पण तू सांगायचास ती अर्धीच गोष्ट होती, बा. उरलेली तिला सांगवली नाही, आणि तू पेढे वाटत होतास तेव्हा तुलाही नाही. हे काही टपालात पडणार नाही, म्हणून बोलते. सर उठायच्या कितीतरी आधी माझं लिहून संपलं होतं. मान वर केली तर तू लिंबाखाली उभा, आणि मला कळलं, मी पेन खाली ठेवलं की तू हातोडी मारणार. सगळी शाळा माझ्या लिहिण्यासाठी अडून राहिली होती, सरसुद्धा. आपल्यासाठी कधी कोण थांबलं होतं रे? मला ते संपू द्यायचं नव्हतं. म्हणून मी कागदावर पेन नुसतं हलवत राहिले.