कारणाचा रकाना

१२ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. सगळं जग फोनवर बोलतं आणि तू मला अजून पाकिटं चिकटवायला लावतेस. तरी लिहिते, कारण या वेळी थोडी फुशारकी मारायची आहे.

माझ्या बारकीच्या फोनला वेसण घालून सहा महिने झाले. तेरा वर्षांची झाली म्हणून फोन दिला, पण किल्ली माझ्याकडे. तिला कुठलंही नवं ॲप हवं असलं की माझ्या फोनवर विनंती येते, खाली दोन बटणं, 'मंजूर' आणि 'नाकारा'. दुकानात औषधं काढता काढता मी अंगठ्यानेच निकाल लावते. गोळ्यांची पट्टी कापायला लागतो तेवढाही वेळ लागत नाही.

पोपटाचं चित्र असलेलं कुठलंसं ॲप आहे, त्यासाठी हट्टाला पेटली आहे. नऊ वेळा मागितलं, नऊ वेळा नाकारलं. खेळच असणार, दुसरं काय! तिच्या बाई सांगत होत्या की वर्गात हाका मारल्या तरी तिचं लक्ष नसतं. घरीही तेच, आपल्याच तंद्रीत. तूच लाडावून ठेवली आहेस, आता माझं कौतुकही तूच कर.

गुडघे कसे आहेत? मलम पाठवते आहे ते लाव, कपाटात शोभेला ठेवू नकोस.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
धाकटी

२० जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

मलम लावते आहे. घरभर तुझ्या दुकानाचा वास सुटलाय.

फुशारकी वाचली. कौतुक जरा राखून ठेवते. तीस वर्षं मी कचेरीत अर्जांच्या टेबलावर काढली. साहेब कितीही घाईत असोत, अर्ज न वाचता फेटाळायची सोय नव्हती. मागणाऱ्याने कारण लिहिलेलं असायचं, आणि फेटाळताना आम्हालाही लिहावं लागायचं. तुझ्या त्या विनंतीत कारणाला जागा नसते का गं? नऊ वेळा कुणी उगाच मागत नाही. त्यातून तुझी पोर तर खाऊसुद्धा एकदाच मागणारी.

आणखी एक. सुट्टीत आली होती तेव्हा मी विचारलं की भूक लागली का, तर म्हणाली, शनिवारी. मी हसले, तीही हसली. पण नंतर पाहिलं, मी बोलताना ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं, राहून गेलं. रागावू नकोस, पण त्या पोपटाला एकदा बोलतं कर.

बारकीला पापा. तुला आशीर्वाद, मोठेपणाचा हक्क राखून.

ताई

४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

जागा होती. विनंतीवर बोट दाबून धरलं की खाली उघडते. मी कधी दाबून धरलंच नव्हतं.

दुकानातच, काउंटरमागे स्टुलावर बसून एकेक उघडली. पहिलीत लिहिलं होतं की समोरचा बोलतो ते हे ॲप लिहून दाखवतं, शाळेत उपयोगी आहे. दुसरीत, डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही आणि बाई फळ्याकडे तोंड करून बोलतात. तिसरीत, आई, खेळ नाहीये, हवं तर तू बघ. पाचवीत, तोंडाने सांगायला लाज वाटते म्हणून इथे लिहिते आहे. शेवटच्या चारांत नुसतं एक टिंब. रकाना रिकामा ठेवला तर विनंती पुढे जात नाही, म्हणून दिलेलं. डॉक्टरांच्या अक्षराचे कसलेही कोंबडीचे पाय मला लागतात, सगळे वाखाणतात. पोटच्या पोरीने लिहिलेलं मात्र वाचलं नाही. ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

'मंजूर' दाबलं, तर सगळ्यांची मुदत संपलेली. तिलाच पुन्हा मागायला सांगावं लागलं. तिने निमूट फोन हातात घेतला आणि या वेळी कारण काय लिहू म्हणून मला विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होती.

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. जानेवारीत ताप आला होता, तेव्हापासून असावं. डावा कान बराचसा गेलाय, उजव्यानेही थोडं कमीच ऐकू येतं, यंत्र बसवायचं आहे. लगेच आणलं असतं तर कदाचित, एवढं बोलून ते थांबले. तिची पहिली विनंती ताप उतरल्यावर आठवड्याभरातच आली होती, मी तारीख बघितली.

घरी आल्यावर ती पलंगावर वाचत बसली. मी शेजारी बसून माफी मागितली. माझं चुकलं, मी वाचलं नाही, कसेबसे शब्द जुळवून सगळं म्हणाले. तिने पान उलटलं. वाटलं, रागावली आहे, आणि तिचं बरोबरच आहे. मग लक्षात आलं की मी तिच्या डाव्या बाजूला बसले होते. उठून समोर गेले. ती माझ्या ओठांकडे बघत थांबली, आणि पुन्हा ते सगळं म्हणायला माझी जीभ रेटेना. जेवायला चल म्हणाले. ते तिला पहिल्याच वेळी कळलं.

लोभ उणावला असेल तर तुझा हक्कच आहे, पण तोडू नकोस.

धाकटी