श्यामरावांच्या नावाची माशी

११ एप्रिल १९८४, बुधवार

परवा इथे लिहिलं ते चुकीचं आहे. लिहिलं होतं — नंदिनी नगरला मोहाच्या झाडाखाली सापडलेली काळसर माशी आणि नेहमीची पिवळी फळमाशी यांची जोडी लावली, अळ्या झाल्या नाहीत, म्हणजे काळी ही नवी जात. पण शेजारच्या बाटलीत पिवळीला पिवळाच नर दिला होता. ती बाटली मी पाहिलीच नव्हती. आज पाहिली. तीही कोरी!

मग सिद्ध काय झालं? काहीच नाही.

१२ एप्रिल

पुस्तकात सापडलं. फार उष्णतेत या माश्यांचे नर निर्बीज होतात. थंडाव्यात ठेवले की सावरतात. आमची प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याखालची भट्टीच.

भालेकर सरांना सांगितलं. त्यांच्याच हाताखाली माझा प्रबंध. म्हणाले, वर्णन टाइप झालं, पंखांच्या आकृत्या झाल्या, सोमवारी तेवीसला लेख छापायला नागपूरला जाणार. "लोक पंख पाहतात. तुझी बाटली कोण पाहून राहिलं?" नवी जात नसेल तर प्रबंधात उरतं काय, हेही विचारलं.

१३ एप्रिल

बाटल्या घरी आणल्या. माठाखालच्या ओल्या रेतीत रोवल्या. आई म्हणाली, "लोक माश्या हाकलतात, तू पोसून राहिली. पाहुण्याले याच माठातलं पाणी देऊ का?"

बाबांनी माठ सरकवून जागा केली. चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. कारखान्यातली पाळी करून येऊन तेच शिकवायचे. म्हणून सरांनी माशीला नाव सुचव म्हटलं तेव्हा त्यांचंच सुचवलं. आता आमच्या सगळ्या हुडको वसाहतीला ठाऊक आहे. शेजारचे देवाजीकाका त्यांना फाटकात गाठतात — "काहो श्यामराव, आज कोणाच्या गुळावर बसले?" बाबा रागावत नाहीत. उलट खूश होतात. मला ते पाहवत नाही.

१७ एप्रिल

जोड्या लावल्या. माद्या पहाटे कोशातून निघाल्या निघाल्या वेगळ्या काढलेल्या — नराजवळ गेलेल्याच नाहीत. एका बाटलीत पिवळीला पिवळा, दुसरीत पिवळीला काळा. नर सगळे रेतीत गार झालेले. रेती वाळली की पाणी शिंपडते. या वेळी चूक नको.

१८ एप्रिल

सरांनी सहीसाठी लेख पुढे केला. बाटल्यांचं कळू द्या म्हटलं. ते नुसतं "सोमवार" म्हणाले आणि पेनाचं टोपण लावलं.

२० एप्रिल

पिवळ्यांच्या बाटलीत अळ्या! म्हणजे नर सावरले. दुसरी मात्र कोरी. ती कोरीच राहिली तर माशी खरोखर नवी — बाबांचं नाव तिला खरं शोभेल.

देवापुढे उभी राहिले आणि कोरी बाटली मागितली. असलं मागणं मागायचं असतं का?

२१ एप्रिल, शनिवार

दुसऱ्या बाटलीतही अळ्या. भिंगातून पाहिल्या. भिंग पुसून परत पाहिल्या. वळवळताहेत.

नवी जात म्हणता येणार नाही. पिवळीच ती, फक्त रंग गडद.

सरांना सोमवारी सांगायचं, टपाल जायच्या आधी. पण बाबांना त्याच्याही आधी — उद्या, रविवार, २२ एप्रिल. ते पाळीवरून आले की.