होळीत गेलेला पाळणा

आई, यंदा होळीला मी गावी, कन्हेरीत होते. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी होळी म्हटली की मला पुरणाच्या आधी तो पाळणा आठवतो. धाकटा भाऊ बोलायला लागायच्या आत गेला, आणि आबांनी त्याचा सागवानी पाळणा माळ्यावर चढवून ठेवला. पुढच्या होळीनंतर, धुळवडीच्या सकाळी, तू माळ्याखाली उभी राहून ओरडलीस, "पाळणा न्हाय! कुणी नेला?" होळीसाठी पोरं लाकडं पळवतात, गाव ते हसून सोडून देतं, पण मेलेल्या लेकराचा पाळणा कोण नेईल? आबा राखेतून त्याच्या लोखंडी कड्या घेऊन आले. तू फक्त शेजारच्या दाराकडं बघितलंस. तिथं काकी, तुझी धाकटी जाऊ. तिला दोन मुलगे. "ज्याच्या डोळ्यात खुपत व्हतं त्यानं नेला," एवढंच म्हणालीस. आबांना तेवढं पुरलं. महिन्याभरात अंगणात भिंत उभी राहिली.

काकीनं भिंतीवरून दिलेला लाडू मी गोठ्यात नेऊन टाकायचे. तिची नजर वाईट, हे मी तुझ्याकडून शिकले आणि पुढं सासरी, नोकरीत, सगळीकडं वापरलं. अजूनही कुणी विनाकारण गोड बोललं की मी आधी त्याच्या हातात काय आहे ते बघते.

यंदा काकी होळीभोवती पाणी फिरवताना अडखळली. मी जवळच होते, म्हणून धरलं. माझ्या हाताचा आधार न सोडता ती म्हणते, "पाळणा आमी दोघींनी आणला व्हता. पेटवायच्या आदी उसाच्या पाचटाखाली सारला. एका अंगाला तुजी आई, एका अंगाला मी."

"काकी, खोटं बोलू नको." मेलेल्या माणसावर काहीही ढकलता येतं, असंच माझ्या मनात आलं.

ती रागावली नाही. "तुजं आबा रोज माळ्याकडं बघून म्हणायचं, फुडल्या साली हलवू. तिला आता मूल नको व्हतं. पाळणा दिसला की तिचा जीव गोळा व्हायचा. पर तिनं जाळला म्हणल्यावर त्यांनी तिला जिती ठिवली नसती. मीच म्हणलं, माझ्यावर घाल. माझा नवरा गरीब हाय, हात उचलायचा न्हाय."

तरीही माझा विश्वास बसेना. मग ती म्हणाली, "बाळाची हिरवी कुंचीबी तिनं पाळण्यात ठिवली व्हती." आई, ती कुंची तुझ्या ट्रंकेत होती, आणि ट्रंकेची किल्ली तुझ्या कमरेला. नंतर ती कधीच दिसली नाही, आणि त्या कुंचीसाठी तू ओरडलीही नाहीस.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा काकीकडं जेवले. जेवताना एकेक जुनी गोष्ट वेगळी दिसायला लागली. बारामतीच्या बाजाराला तू मला कधी सोबत नेलं नाहीस. काकीही नेमकी त्याच दिवशी घरी नसायची. परतताना तुम्ही एकाच एसटीतून उतरायचात, तू पुढच्या बाकावरून, ती पार मागच्या, आणि एकमेकींकडं न बघता दोन वाटांनी घरी यायचात. आबा गेल्यावरही ती भिंत तू पाडू दिली नाहीस. लोक काय म्हणतील, म्हणालीस. आता मला तुझाच संशय येतो. तुमचा अबोला खरा होता, की तोही आम्हाला दाखवण्यापुरता?

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून तुला सांगते. काकीला विचारता आलं असतं. ती समोर बसून माझ्या पोळीवर तूप सोडत होती. मी विचारलं नाही. "व्हय, अबोला खराच व्हता," असं ती म्हणाली असती तर मला सोसलं नसतं.