झाकण बघितलं का?

अप्पा, आज मी दुकानात दोन तास उभी राहून एक जाकीट निवडलं. थंडीचं नव्हे, पाण्याखाली घालायचं. पाठीवर हवेची टाकी आणि तोंडात नळी घेऊन माणसं समुद्राच्या तळाशी उतरतात, त्याला स्कूबा म्हणतात. या जाकिटात टाकीतली हवा भरली की माणूस वर तरंगतो आणि सोडली की खाली जातो. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "आपल्या पायानं बुडायला जायचं कावून?" गुडघे दुखतात म्हणून डॉक्टरांनी पोहायला सांगितलं. पुण्यात घराजवळच्या तरणतलावावर गेले, कठडा धरून पाण्यात उभी राहिले, तेव्हा समोरच्या भिंतीवर या वर्गाचा कागद दिसला. पाण्यात उभी राहिले की मला भीती वाटत नाही, राग येतो. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईनं अकराव्या वर्षीचा राग किती दिवस कडेवर घेऊन फिरायचं? म्हणून नाव घातलं. आता चार दिवसांनी मालवणला समुद्रात उतरायचं आहे, आणि शिकवणारी मुलगी मला उतरू देईल की नाही याची खात्री नाही. त्याचं कारण तुम्ही आहात.

दुकानदारानं दोन तऱ्हेची जाकिटं समोर ठेवली. एकात हवा पोटाभोवती, बगलेखाली, पाठीला, अशी सगळीकडून भरते. दुसऱ्यात हवेची पिशवी फक्त पाठीला. पाण्याखाली पाठीचीच चांगली, अंग छान आडवं राहतं, सराईत लोक तीच घेतात, असं म्हणून तो पुढे म्हणाला, "पण नव्या माणसानं वर आल्यावर जरा जपायचं, मॅडम. हवा सगळी पाठीला असली की पुढे लोटते. दमलेल्या माणसाचं तोंड पाण्यात जातं." साडीचा रंग पहिल्या धुण्यात जाईल असं सांगावं तसं त्यानं सांगितलं. मी टेबलाला हात टेकून उभी राहिले. बरोबर आहे की! विहिरीत पोहायला शिकवताना तुम्ही माझ्या पाठीला जो रिकामा डबा बांधायचात तो हेच करायचा. मी मान वर काढायला धडपडायचे आणि तुम्ही वरून ओरडायचात, "मान कावून ताठ करती? सैल सोड की." तेहतीस वर्षं मी समजत आले की खोट माझ्याच मानेत होती.

मग मी त्याला विचारलं, ह्याला तोंडं किती? खांद्यावरची दोरी ओढली की हवा सुटते, कमरेपाशी दुसरी दोरी, वर डाव्या बाजूच्या नळीला बटण. म्हटलं, एकही झाकण नसलेलं दाखवा. तो हसला. "मग हवा बाहेर कुठून जाणार? फुग्यासारख्या वर फेकल्या जाल." पटलं, पण मन काही मानेना. मी प्रत्येक झाकण फिरवून काढलं, आतलं रबर बोटानं चाचपलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं. मागं दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, खोळंबू देत. वर्गात भाड्याची जाकिटं मिळतात, पण ती कुणी लावली, कुणी ढिली केली, मला काय ठाऊक? शेवटी सगळीकडून हवा भरणारं घेतलं. म्हणजे काय घेतलं, अप्पा? ट्यूब घेतली.

ट्यूबच तर मागितली होती मी तेव्हा. चौसाळ्याच्या हायवेवर पंक्चरवाल्याकडे ट्रकच्या जुन्या ट्यूबा मिळायच्या, पोरं त्या काखेत घालून विहिरीत पडायची आणि दिवसभर बाहेर यायची नाहीत. ते दिवस नव्या मालाचे होते. पिवळ्या पाटीचं टेलिफोन बूथ आलं होतं, काळं थंड पेय वडवणीच्या बाजारापर्यंत पोचलं होतं, पत्र्याचे डबे जाऊन प्लॅस्टिकचे कॅन येत होते. आपल्या दुकानात दोरखंड, घमेली आणि मोटारीचे सुटे भाग, आणि मधोमध तुम्ही, पेपर उघडून, आलेल्या गिऱ्हाइकाला सांगताय की आता जग खुलं झालं, पोरींनी सगळं शिकायला पाहिजे. म्हणून मला पोहायला शिकवायचं काढलंत. शेजारच्या काकू म्हणाल्या, "पोरीच्या जातीला हीर कशाला दावता?" तर तुम्ही म्हणालात, "पानी काय पोरगा-पोरगी बघून बुडवतंय?" त्या दिवशी मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की अजून आठवला तर संताप होतो. पाठीला काय बांधायचं ते ठरवायला फळीवर तुम्ही तीन वस्तू मांडल्यात. एका गिऱ्हाइकानं दिलेला वाळका भोपळा, ट्यूब, आणि पाच लिटरचा पत्र्याचा डबा. मी ट्यूबवर हात ठेवला. तुम्ही तो उचलून डब्यावर ठेवलात. "भोपळा कुजतोय. ट्यूब कवा दगा देईल सांगता येत न्हाई. डब्याचं झाकन आपल्या हातात ऱ्हातंय." माझ्यासमोर झाकणाला रबराची चकती बसवलीत, डबा हौदात दाबून धरलात. एक बुडबुडा आला नाही. तुमचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचे.

विहीर एका गिऱ्हाइकाच्या मळ्यातली, गोल, चिरेबंदी, आत उतरायला पायऱ्या. तुम्ही तिसऱ्या पायरीवर उभे. त्याखाली कधी आला नाहीत. दुकानदार माणूस कपडे कशाला भिजवेल, असं मला वाटायचं. दुसऱ्याच्या मळ्यातला एक पोरसवदा गडी मला पाण्यात हात-पाय मारायला शिकवायचा आणि सूचना तुमच्या. पंधरा दिवस रोज सकाळी तुम्ही माझ्या पाठीला डबा बांधायचात, आणि मी पाण्यात शिरण्याआधी मान वळवून विचारायचे, "अप्पा, झाकण बघितलं का?" तुम्ही म्हणायचात, "बघितलं." मग मी उडी मारायचे. एकदाही विचारल्याशिवाय मारली नाही. एवढंच माझं पोहणं होतं.

तो रविवार. काठावर तुमची चार-पाच गिऱ्हाइकं बसलेली, एरवी कुणी नसायचं. "झाकण बघितलं का?" "बघितलं." मी उडी मारते. आज मान आपोआप वर राहतेय, पाठीवर ओझं नाही, लोटणं नाही, मी मधोमध पोचते, पलीकडच्या भिंतीला हात लावते, परत फिरते. मला इतका आनंद झाला आहे की मी हसते आहे, पाण्यात. आणि तेवढ्यात वरून कुणीतरी ओरडतं, "आता मागं हात लाव डब्याला!" मी हात लावते. डबा जड. आतून गुडगुड आवाज. डब्यात हवा नाहीच, पाणी आहे. झाकण ढिलं आहे. त्या क्षणी माझे हात-पाय, जे आतापर्यंत नीट चालत होते, थांबतात आणि मी दगडासारखी खाली जाते. हिरवं पाणी, नाकात, कानात. मी वर येते तेव्हा विहीर हसते आहे. "बे, पोरगी कवाधरनं डब्याबिगर पोहतीया!" ते सगळे सकाळपासून जाणून होते. तुम्ही दुकानात सांगून त्यांना बघायला बोलावलं होतंत. एकटी मीच अडाणी. मी पुन्हा खाली गेले, पुन्हा वर आले आणि पायरी धरली. तुम्ही म्हणालात, "पोहलीस का न्हाई?"

कुंपणानंच शेत खाल्लं, अप्पा. लोक सांगतात, पोहायला असंच शिकवतात, डब्याचं झाकण हळूच ढिलं करतात, त्यात काय एवढं. आपल्याकडे पोरं त्यावर हसतात, मोठी होऊन आपल्या पोरांना तेच करतात. असेल. मी नाही हसले. मला पोहता येतं हे तुम्हाला सांगायचं होतं तर सांगायचं. डबा सोडून उडी मार म्हणायचं. मी मारली असती, तुमच्या शब्दावर मी काहीही केलं असतं. तुम्ही माझ्या प्रश्नाला खोटं उत्तर दिलंत, आणि तेही चार माणसांच्या करमणुकीसाठी. त्यानंतर मी कुणाच्या "बघितलं"वर विश्वास ठेवलेला नाही. नवऱ्यानं गॅस बंद केला म्हटलं तरी उठून बघते. मुलं कंटाळतात, मीही मला कंटाळते.

घरी आल्यावर चुलीपुढे बसलेल्या आईनं तुम्हाला विचारलं, "लेकराला फसवून शिकवतेत का?" तुम्ही ताटावरून उठलात. आईनं डबा उन्हात वाळवून त्यात शेंगदाणे भरले आणि तो स्वयंपाकघरात मांडला. मी त्यातला एक दाणा खाल्ला नाही. विहिरीवर गेले नाही. तुम्ही मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ मिरवत दुकानात बसायचात आणि लोकांना वेळेवर यायला सांगायचात. आई म्हणायची दुरुस्त करून आणा, तुम्ही म्हणायचात, "ऱ्हाऊ दे." मला त्या घड्याळाचाही राग यायचा. मी बावीस वर्षांची असताना दुकानाच्या फळीवरच तुम्ही बसल्या जागी गेलात. अकरा वर्षं एका घरात राहून मी तुम्हाला झाकणाबद्दल विचारलं नाही आणि तुम्ही आपण होऊन तो विषय काढला नाहीत. मग कायमचे सुटलात.

आणि आता हे. पाण्यात शिरण्याआधी जोडीजोडीनं एकमेकांचं सगळं तपासायचं, असा या लोकांचा नियम आहे. जोडीदारानं तुमच्या जाकिटात हवा भरून बघायची, दोऱ्या ओढून बघायच्या, मग म्हणायचं, बघितलं. तेच शब्द! माझे जोडीदार बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, माझ्याहून भित्रे. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या झाकणाला हात घातला आणि मी त्यांचा हात झटकला. दुसऱ्या दिवशीही झटकला. तिसऱ्या दिवशी ओरडले. माझ्या भाचीएवढी ती शिकवणारी मुलगी, पण ठाम आहे. म्हणाली, "ताई, जोडीदाराला तपासू दिलं नाही तर मी तुम्हाला समुद्रात नेणार नाही. तुमच्या आणि त्यांच्याही जिवाचा प्रश्न आहे." तेव्हा तलावाच्या काठावर ओल्या अंगानं बसून मी त्या दोघांना तुमची गोष्ट सांगितली. डबा, झाकण, काठावरची माणसं, हसणं. गोष्ट मी नेहमी हसण्यापाशी संपवते. नवऱ्याला तशीच सांगितली, मुलांना तशीच. आजवर ऐकणारा प्रत्येक जण माझ्या बाजूनं झाला आहे. काका मात्र चष्म्याची काच पुसत म्हणाले, "आणि वडील कुठे होते?"

मी म्हटलं, "पायरीवर. हसत होते."

पायरीवर नव्हता तुम्ही. हे तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माहीतच आहे, पण मी कुणाला सांगितलेलं नाही म्हणून निदान कागदावर लिहिते. मी पहिल्यांदा वर आले तेव्हा तिसरी पायरी रिकामी होती. पाण्यावर तुमची पांढरी टोपी तरंगत होती, आणि तिच्या शेजारी दोन हात वर येत होते, पाणी ओरबाडत होते. हसणं तिथंच थांबलं होतं. तुम्हाला पोहता येत नव्हतं, अप्पा. मी खाली गेले हे बघून तुम्ही चपला, चष्मा, सगळ्यासकट उडी घेतलीत. मी पायरी धरून उभी होते आणि तुम्ही बुडत होता. काठावरच्या दोघांनी उड्या टाकून, आपल्याच दुकानातला दोर काखेत घालून तुम्हाला वर ओढलं. पायरीवर पालथे पडून पाणी ओकत, ओठ निळे झालेले, आवाज फुटत नसताना तुम्ही माझा पाय धरून विचारलंत, "पोहलीस का न्हाई?"

राग गेलेला नाही. उडी मारलीत म्हणून झाकण ढिलं केल्याचं माफ होत नाही, आणि पोहता येत नसताना लेकराला विहिरीत सोडून काठावर माणसं जमवणाऱ्या बापाला मी आजही चार शब्द सुनावीन. पण उद्या काकांना फोन करून खरं सांगायचं ठरवलं आहे, मग त्यांना माझ्या झाकणांना हात लावू द्यायचा आहे. जमेल की नाही, बघते. हा कागद जाकिटाच्या पिशवीत राहील, जायचा कुठेच नाही. घड्याळ त्या दिवशी पाणी जाऊन बंद पडलं हे मला तेव्हाच कळलं होतं, अप्पा. ते तुम्ही का दुरुस्त करत नव्हता, हेही.